बुधरामनं घेतलेलं माप

बुधरामबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल एक वाईट गोष्ट सांगावी लागते, म्हणून हे लिहिणं दोन वर्षं लांबत गेलं. आता लिहितोच.

बुधराम आमच्या अड्याळजवळच्या पुनर्वसनाच्या वस्तीत राहतो. त्याचं मूळ गाव वैनगंगेच्या काठी होतं, ते गोसीखुर्दच्या पाण्यात गेलं. घराणं ढिवरांचं, काम मासे धरण्याचं. पण विशीत त्याला जनावरांच्या पायांचा नाद लागला आणि एका फिरत्या नालबंदाकडून तो बैलांना नाल ठोकायला शिकला. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, दिवसांत त्याला जेवायला फुरसत नसे. पार तिरोड्यापासून बोलावणं यायचं. तेव्हा तिरोडा आपल्याच भंडारा जिल्ह्यात होता. मग गावोगाव ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले आणि बुधराम पुन्हा तलावावर गेला. माझी त्याची ओळख झाली तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. सकाळी मासे, दुपारी ओट्यावर बसून जाळं विणायचं, आणि महिन्यातून एखादा बैलवाला दारात.

जाळ्याचे डोळे एकसारखे यावेत म्हणून विणणारे बांबूची एक चपटी कामटी हातात धरतात आणि तिच्यावरून गाठ मारतात. बुधरामनं हीच कामटी खुरांसाठी लावली. त्याच्याकडे टेप नव्हता. खुराखाली कामटी धरायची, विळ्यानं दोन खाचा पाडायच्या, झालं माप. ती कामटी तो मालकाच्या हातात द्यायचा. मालक ती घेऊन लोहाराकडे जायचा आणि नाल बरोबर तेवढा बनून यायचा. बुधराम स्वतःपाशी एकही कामटी ठेवत नसे. ज्याचं जनावर त्याचं माप, आपल्याला कायले पाहिजे, असं त्याचं म्हणणं. चाळीस वर्षांत त्याची खाच चुकली असं कोणी म्हणालं नव्हतं. ते म्हणणारा पहिला माणूस मी.

मी भंडाऱ्याला एका सरकारी कचेरीत बाबू आहे. रोज मोटरसायकलनं जातो, येतो. बेचाळिसाव्या वर्षी मला घोडीचा शौक सुचला, यावर हसायचं असेल तर हसून घ्या. कचेरीतले लोक आधीच हसलेत. भंडाऱ्यातल्या एका बँडवाल्यानं लग्नाचा धंदा बंद केला आणि त्याची पुतळी नावाची तांबडी घोडी मी घेतली. आमच्या घरात तीन पिढ्यांत कोणी घोड्यावर बसलं नव्हतं. आजोबांच्या काळात आम्हाला कोणी बसूही दिलं नसतं. त्यामुळे पहिल्यांदा मी पुतळीवर बसून शेताच्या पांदीनं गेलो तेव्हा माझी आई, बायजाबाई, दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. बोलली मात्र एवढंच, "पोट आत घे."

पुतळीचे पाय वाईट होते. वर्षानुवर्षं डांबरावर नाचवून आणि नालावर नाल ठोकून तिच्या खुरांच्या कडा फुटल्या होत्या. बुधरामनं एक पाय मांडीवर घेतला, बोटानं खिळ्यांची भोकं चाचपली आणि चारही नाल काढून टाकले.

"हिचं नख चाळणी झालं हाये, बाबू. वरून नवं उतरू द्या. सालभर लोखंड नोको."

दर दीड महिन्याला तो यायचा आणि कानशीनं नख गोल करून जायचा. सहा महिन्यांत नव्या नखाची गुळगुळीत पट्टी वरून खाली उतरताना दिसायला लागली. बांधावर, धुऱ्यावर, पांदीत पुतळी मजेत चालायची. फक्त रस्त्याच्या गिट्टीवर, खडीवर, आली की पाय उचलून धरायची, आणि उन्हाळ्यात सिमेंटच्या रस्त्यावर तर तिला नेणं पापच होतं.

नेमकं तेच करायचं ठरलं. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या रॅलीत घोडी पुढे ठेवायची आणि तिच्यावर निळा झेंडा घेऊन माझी भाची रश्मी बसणार, असं कमिटीनं मार्चमध्येच ठरवलं. रश्मी म्हणजे माझ्या बहिणीची, भावनाची, मुलगी. भंडाऱ्याला कॉलेजात शिकते आणि माझ्यापेक्षा चांगली बसते. मीच बैठकीत फुशारकी मारून आलो होतो की घोडी पुढे राहील. घरी येऊन बघतो तर पुतळी अनवाणी आणि रस्त्याचं रुंदीकरण चालू, बसस्टँडपर्यंत गिट्टीच गिट्टी.

मग मी मोबाईलवर घोड्यांचे बूट शोधून काढले. जाड रबरी तळ, वर पट्टा, आत खूर घालायचा, काम झालं की काढून ठेवायचे. खिळा नाही, ठोकाठोक नाही. बुधरामला फोटो दाखवला. त्यानं मोबाईल उन्हापासून आडवा धरून खूप वेळ पाहिलं आणि त्याला ते आवडलं, हे मला त्याच्या मान हलवण्यावरून कळलं.

"बेस हाये. पण आधी नख कापू, मंग माप. वाढलेल्या नखाचं माप घेऊन का कराचं? अन् समोरचे दोन्ही पाय येगळे मापा. दोन पाय कुठं सारखे राहतेत."

त्यानं नख कापलं. मला दुसरा पाय उचलून धरायला लावला, म्हणजे पुतळीचा भार मापायच्या पायावर नीट पडेल. मग कामटी घातली. एक खाच रुंदीची, एक लांबीची. मागचा मऊ भाग मापात धरायचा नाही, तो दबतो, हेही सांगितलं. डाव्या पायाची एक कामटी आणि उजव्याची एक, अशा दोन कामट्या त्यानं माझ्या हातात दिल्या.

"खाचेले खाच पाहूनच मागवा. हा बूट ठोकून बसला पाह्यजे. हातानं फिरला तं समजा गेला."

संध्याकाळी मी कामट्या पट्टीवर ठेवल्या. दोन्ही पायांत दोरा जाईल एवढाच फरक होता. रुंदी एकशे एकवीस मिलिमीटर. मोबाईलवर बुटांच्या मापांचा तक्ता होता, त्यात एकशे अठरा ते एकशे तेवीस अशी एक ओळ होती. लांबीही त्याच ओळीत बसत होती. म्हणजे शंकेला जागाच नव्हती. आणि मी त्याच्या खालच्या ओळीचा, एक नंबर मोठा बूट मागवला.

का? तर आमच्या घरात चप्पल-बूट नेहमी एक नंबर मोठाच घेतात. शाळेतला माझा पहिला बूट आईनं पुढे चिंध्या कोंबून पायात घातला होता, आणि तो तिसरीपर्यंत गेला. अजूनही दुकानात माझं तोंड आपोआप एक नंबर मोठा मागतं. पुतळीचं नख तर वाढत होतंच. उद्या वाढल्यावर हा बूट होणार नाही, असं मला वाटलं. आई शेजारीच बसून भाजी निवडत होती, तिनंही मान डोलावली. दीड महिन्याला तेच नख बुधराम कापून टाकतो, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. आणि त्याला विचारावं असं तर मुळीच वाटलं नाही. तक्ता वाचणारा मी, तो विळ्यानं खाचा पाडणारा. खरं सांगायचं तर असंच होतं मनात.

बूट जयंतीच्या चार दिवस आधी आले. बुधरामनं पुतळीचा खूर आत घातला, पट्टा आवळला, बूट दोन्ही हातांनी धरला आणि फिरवला. तो फिरला.

"ढिले हायेत, बाबू."

रश्मी, भावना, आई, सगळ्या अंगणात उभ्या होत्या. रश्मी मोबाईलवर व्हिडिओ घेत होती. त्या क्षणी मला म्हणता आलं असतं की मीच एक नंबर मोठा मागवला. म्हणायला चार शब्द लागतात. पण मी म्हणालो, "तुमच्याच मापानं मागवले, काका."

बुधराम माझ्याकडे पाहत राहिला. रागानं नाही. हिशेब लागत नसला की माणूस पाहतो तसं. मग म्हणाला, "कामटी कुठं हाये?"

कामट्या आत कपाटाच्या खणात होत्या. मी म्हणालो, "हरपल्या."

आई भाजीची टोपली घेऊन आत गेली.

त्यानं नवी कामटी घेतली, पुन्हा खुराला लावली, मग बुटात घालून पाहिली. कामटीच्या शेवटी अर्ध्या बोटाची जागा उरत होती. "बूट मोठा हाये. म्हंजे खाच माह्याच हातून सरकली," तो म्हणाला. परत पाठवून बदलून घ्या म्हणाला, पण तेवढे दिवस नव्हते. मग घरून जुन्या घोंगडीचे तुकडे आणून त्यानं ते बुटाच्या आत बसवले. घराच्या मागच्या रस्त्यावर पुतळीला थोडं चालवलं, बूट काढला, टाचेवरचे केस घासलेत का ते पाहिलं, पुन्हा घातला. असं तीन दिवस केलं. शेवटी मला बजावलं, "दर चौकात थांबून पाहा. बूट फिरला का काढून टाका. झेंड्यापाई घोडीचा पाय नोको घालवू."

जयंतीच्या दिवशी पुतळीचा लगाम माझ्या हातात होता. अंगात पांढरा सदरा, मागे डीजे, दोन्ही बाजूंना मोबाईल वर धरलेले लोक. रश्मी ताठ बसली होती, झेंडा वाऱ्यानं तिच्या खांद्यावर येत होता. पहिल्या चौकात मी थांबलो नाही, कारण मागची गर्दी पुढे रेटत होती. दुसऱ्या चौकात थांबलो नाही, कारण कोणीतरी फोटो काढत होतं. बुधराम रस्त्याच्या कडेनं आमच्याबरोबर चालत होता. त्यानं हात वर करून पुतळीच्या डाव्या पायाकडे बोट दाखवलं. मी त्याला पुढे, पुढे, असं हातानं खुणावलं.

बसस्टँडजवळच्या गिट्टीत डावा बूट गर्रकन फिरला. पुतळी गुडघ्यावर आली आणि रश्मी तिच्या मानेवरून खाली पडली. डीजे बंद व्हायलाही वेळ लागला.

रश्मीच्या मनगटाला तीन आठवडे प्लास्टर लागलं. पुतळीच्या टाचेची कातडी बुटानं सोलून निघाली होती. बुधरामनं गिट्टीत बसून तिचा बूट काढला तेव्हा घोंगडीचा तुकडा रक्तानं चिकटला होता. कमिटीचे अध्यक्ष हिरालालजी घामाघूम होऊन आले.

"माप कोणं घेतलं होतं?" त्यांनी विचारलं.

मी गिट्टीत पडलेल्या झेंड्याकडे पाहिलं.

"मी घेतलं जी," बुधराम खालूनच म्हणाला. "माहंच माप चुकलं."

"जाळं विणणाऱ्याच्या हाती घोडीचा पाय कायले देल्ला रे सुगत?" हिरालालजी मला म्हणाले. आजूबाजूचे काही जण हसले. कोणी म्हणालं, बुढ्याले दिसत नाई आता. मी झेंडा उचलून त्याच्यावरची धूळ झटकत उभा राहिलो. झेंड्यावर फारशी धूळ नव्हती. कोणी काय व्हावं हे जातीनं ठरू नये, यावर आमच्या विहारात मी भाषणं दिली आहेत. आणि भर जयंतीला, निळ्या झेंड्याखाली, एका गरीब माणसाला त्याच्या जातीवरून बोललं जात होतं ते माझ्या पापापायी, आणि मी झेंडा झटकत होतो. ही गोष्ट मी आजही कोणाला सांगताना खाली बघतो.

त्यानंतर पंधरा दिवस बुधराम रोज सकाळी यायचा. पुतळीची टाच कोमट पाण्यानं धुवायचा, मलम लावायचा, निघून जायचा. चहासुद्धा घ्यायचा नाही. जखम भरली त्या दिवशी त्यानं आपली कानशी माझ्या पडवीत ठेवली. "तुमीच वापरा आता," म्हणाला. पुढे गावातला तुलाराम आपली पटाची बैलजोडी घेऊन त्याच्या दारात गेला तेव्हा त्यानं हात जोडले. आता जमत नाही, हात चुकते, एवढंच म्हणाला. तुलारामनं हे मला चहाच्या टपरीवर सांगितलं आणि वर म्हणाला, बरं झालं, वेळेवर समजलं त्याले. मी चहाचे पैसे दिले आणि उठलो.

घरात आई मला काही विचारत नव्हती. पण दिवाळीला माझ्यासाठी चप्पल आणली ती बरोबर मापाची होती. घातली आणि पाय आत नीट बसला तेव्हा मी ती काढून बाजूला ठेवली.

दिवाळीनंतर एका सकाळी बुधराम धुतलेलं धोतर नेसून दारात उभा. "बाबू, तुमी रोज भंडाऱ्याले जाता. मले डोळ्याच्या डॉक्टरपाशी सोडून द्या. एकदा पाहून तं घेतो."

मी अर्धा दिवस रजा टाकली. डॉक्टरांनी त्याला भिंतीवरची चित्रं ओळखायला लावली, डोळ्यांत थेंब टाकून बसवलं, उजेड पाडून पाहिलं. त्यानं लहानातलं लहान चित्रही ओळखलं. बाबा, या वयात अशी नजर मी फार कमी पाहतो, असं डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, तो खूश होईल.

परतताना वाटेतल्या पहेला गावात आम्ही चहाला थांबलो. बुधराम आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे पाहत बसला होता.

"डोळे बरोबर हायेत," तो म्हणाला. "मंग हातच गेले असतीन. जाळ्याचीबी गाठ आता मी दोनदा मोजतो. घरची बुढी हासते मले."

तिथे माझ्यानं राहवलं नाही. कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. एक नंबर मोठा मीच मागवला, माप बरोबर होतं, कामट्या हरवल्या नव्हत्या, कपाटात आहेत. बोलताना माझा आवाज कचेरीत साहेबासमोर होतो तसा बारीक झाला होता. मी माफी मागितली. पायाला हात लावायला वाकलो तर त्यानं पाय मागे घेतला.

त्याच्या चहावर साय धरली.

"सात महिने झाले, बाबू," तो म्हणाला. "अन् मले एकट्याले सांगून का होते? तुमी तवा चौघांत बोलले होते."

बाकीच्या रस्त्यावर तो मागे बसून होता आणि त्याचा हात माझ्या खांद्यावर नव्हता. जाताना होता.

मग मी ते चौघांत सांगितलं का? लगेच नाही. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. रोज भंडाऱ्याला जाताना ठरवायचो आणि येताना विसरल्याचं सोंग करायचो. शेवटी मार्चमध्ये विहारात जयंतीच्या तयारीची बैठक लागली तेव्हा मी बुधरामच्या घरी गेलो आणि या म्हणालो. तो आला. चपला दाराशी काढून मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. कोणीतरी बसा म्हणालं, तो बसला नाही.

मी उभा राहिलो. खिशातून दोन्ही कामट्या काढल्या, शेजारी पट्टी ठेवली आणि मागच्या वर्षी काय झालं ते क्रमानं सांगितलं. माप कोणी घेतलं, मोठा बूट कोणी मागवला, खोटं कोण बोललं, गप्प कोण बसलं. रश्मी बायकांच्या बाजूला बसली होती. तिनं आपलं मनगट दुसऱ्या हातानं धरलं. माझी आई समोर बघत राहिली.

हिरालालजींनी कामट्या हातात घेऊन उलटसुलट केल्या. क्षणभर ओशाळले, मग हसले. "एवढंच नं? अरे, साल झालं त्याले. सोड आता. बुधरामजी, मनावर नोको घेऊ. हां, तं मंडपवाल्याचं का ठरलं?"

आणि बैठक मंडपावर गेली. ज्या गोष्टीनं माझी वर्षभर झोप उडवली ती त्यांना दोन मिनिटंही पुरली नाही. मला हलकं वाटायला हवं होतं, पण आणखीच लाज वाटली. एवढं सोपं होतं, आणि एवढ्या सोप्या गोष्टीसाठी मी एका माणसाला त्याच्या स्वतःच्या हातांवर संशय घ्यायला लावला होता. मागे वळून पाहिलं तर भिंतीपाशी बुधराम नव्हता. दाराशी त्याच्या चपलाही नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. पडवीतून आपली कानशी उचलली, धार अंगठ्यानं पाहिली. "उभी करा घोडी."

त्यानं नख कापलं. मी न सांगता पुतळीचा दुसरा पाय उचलून धरला. एव्हाना तिचं जुनं भोकांचं नख सगळं कापून गेलं होतं, खूर वरपासून खालपर्यंत सलग होता. बुधरामनं कामटी घातली, खाचा पाडल्या. मोजणं एकदाच केलं. मला फार आनंद झाला.

मग त्यानं कमरेची दुसरी कामटी काढली. पहिल्या कामटीला ती चिकटवून धरली आणि तिच्यावर त्याच खाचा पाडल्या. दुसऱ्या पायाच्याही तशाच दोन केल्या. एक जोडी माझ्या हातात दिली. दुसरी सुतळीनं बांधली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

"ही कायले, काका?" मी विचारलं.

"माह्यापाशी राहीन," तो म्हणाला.

या वेळी मी खाचेला खाच लावूनच बूट मागवले. ते ठोकून बसले, हातानं फिरले नाहीत, आणि जयंतीला पुतळी बसस्टँड ओलांडून विहारापर्यंत नीट चालत गेली. बुधराम पुन्हा लोकांच्या बैलांचे पाय धरतो, तुलारामची जोडीही त्याच्याकडेच जाते. परवा त्याच्या घरी गेलो होतो. ओट्यावरच्या भिंतीला एका खिळ्याला सुतळीनं बांधलेल्या कामट्यांच्या जोड्या टांगलेल्या आहेत, प्रत्येक मालकाची एक. सर्वांत खाली, काळी पडलेली, आमची आहे.